आधी पाच मिनिटं बसा
गरोदरपणातला रक्तदाब नीट मोजण्याविषयी : प्रस्तावना

माझ्या टेबलाच्या खणात माता व बाल संरक्षण कार्डाची एक झेरॉक्स गेली कित्येक वर्षं जपून ठेवलेली आहे. पहिली नोंद बाराव्या आठवड्यातली, शेवटची बत्तिसाव्या. वजनाचा आकडा हळूहळू वाढत गेलाय, हिमोग्लोबिन थोडं खालीवर झालंय, पोटाची उंची व्यवस्थित लिहिलेली आहे. रक्तदाबाच्या रकान्यात मात्र पाचही वेळा एकच आकडा आहे : १२०/८०.

ज्या मुलीचं हे कार्ड, ती पहिलटकरीण होती. चौतिसाव्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास तिची आई तिला जीपमधून घेऊन आली. दोन दिवस डोकं ठणकत होतं, आणि संध्याकाळपासून डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आईला वाटलं पित्त झालंय; तिने आलेपाक दिला, कपाळाला बाम लावला. मी रक्तदाब मोजला तो १६८/११४ भरला. काही मिनिटांनी पुन्हा मोजला, १६६/११२. लघवी उकळली तर परीक्षानळीत दह्यासारखा साका. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन सिस्टर भरत होत्या, तेवढ्यात तिला झटका आला.

ती वाचली, बाळही वाचलं. बाळ दीड किलोच्या आसपास होतं आणि महिनाभर काचेच्या पेटीत राहिलं. पण त्या रात्री ते कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते. जिवंत माणसाचा रक्तदाब पाच महिन्यांत पाच वेळा अगदी तोच भरत नाही. गरोदरपणात तर नाहीच नाही. म्हणजे एक तर तो मोजलाच गेला नव्हता, नाहीतर घाईघाईने मोजून सवयीच्या आकड्यात बसवला होता. कार्ड कोरं असतं तर मी म्हटलं असतं की तपासणी राहून गेली. तिच्या आईनेही कदाचित डोकेदुखी मनावर घेतली असती. पण कार्ड भरलेलं होतं, आणि त्या भरलेल्या रकान्यानेच सगळ्यांना निर्धास्त केलं होतं.

हे पुस्तक त्या रकान्याबद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : न मोजलेल्या रक्तदाबापेक्षा चुकीचा मोजलेला रक्तदाब जास्त घातक असतो, आणि तो चुकतो तो बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही. तो चुकतो पट्टा बांधण्याआधीच्या पाच मिनिटांत.

*

आधी हा आजार समजून घेऊ. दिवस गेल्यावर बाईच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यामुळे रक्त वाढूनही दाब वाढत नाही. उलट चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास तो नेहमीपेक्षा थोडा उतरतो, आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा मूळ पातळीकडे चढू लागतो. म्हणून अकराव्या-बाराव्या आठवड्यातल्या पहिल्या नोंदीला फार मोल आहे. पुढची चढउतार तिच्याशीच ताडून पाहायची असते. पहिल्या भेटीत ९६/६० असणारी सडपातळ मुलगी आठव्या महिन्यात १३४/८६ वर आली, तर आकडा अजून मर्यादेच्या आत आहे एवढं म्हणून तिला महिनाभराने बोलावू नये. तिला लवकर बोलावावं, लघवी तपासावी.

मर्यादा सगळ्यांना पाठ आहे : वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०. दोन्हींपैकी एकाने जरी ही रेघ गाठली आणि निदान चार तासांच्या अंतराने पुन्हा तेच दिसलं, तर तो उच्च रक्तदाब. विसाव्या आठवड्यानंतर तो नव्याने आला आणि जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट्स यांच्यावर परिणाम दिसला, की त्याला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. १६०/११० ही वेगळी रेघ आहे. तिथे चार तास थांबायचं नसतं. पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा मोजून खात्री करायची आणि तासाभरात औषध सुरू करायचं, कारण या पातळीला मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

या आजाराचं मूळ वारेत आहे. गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांनी वारेसाठी रुंद व्हायला हवं, त्या पुरेशा होत नाहीत. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळू लागतात. हे सगळं मुकाट्याने चालतं. बाईला भूक लागते, ती कामं करते, डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसते. डोकं दुखू लागतं, छातीखाली कळ येते, डोळ्यांपुढे काजवे येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याआधीच्या सगळ्या आठवड्यांत तिच्या शरीरात काय चाललंय हे कळण्याचं आपल्या हाती असलेलं स्वस्त आणि सोपं साधन एकच : दंडावरचा पट्टा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात जगभरातल्या मातामृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाच्या विकारांमुळे होतात असं दिसलं. महाराष्ट्राने मातामृत्यू कमी करण्यात मोठी मजल मारली आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत आपल्या राज्यातलं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. पण जे मृत्यू उरले आहेत ते टाळायला नवी इमारत किंवा नवं औषध पुरणार नाही. तिथे रोजचं साधं काम चोख व्हायला हवं.

*

हे साधन हाती येईपर्यंत या आजाराचं खरं रूप दिसतच नव्हतं. एक्लाम्पसिया हा शब्दच ग्रीक भाषेतल्या अचानक चमकून जाणाऱ्या प्रकाशाच्या शब्दावरून आला; झटका कोसळतो तो आभाळातून वीज पडावी तसा, अशी समजूत होती. १८४३ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये जॉन लिव्हर यांना झटके आलेल्या बायकांच्या लघवीत प्रथिनं सापडली. १८९६ साली इटलीत तुरिनला शिपिओने रिवा-रोची यांनी दंडाभोवती फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडून रक्तदाब मोजण्याची सुटसुटीत पद्धत दिली. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, वाके आणि नोबेकूर या फ्रेंच डॉक्टरांनी झटके येणाऱ्या बायकांचा रक्तदाब वाढलेला असतो हे नोंदवलं. विजेच्या आधी आभाळ भरून येतं, हे तेव्हा पहिल्यांदा मोजून दिसलं.

रिवा-रोचींचा पट्टा अरुंद होता, जेमतेम पाच सेंटिमीटरचा. अरुंद पट्ट्याने दाब खरा असतो त्याहून जास्त भरतो. हे लक्षात आल्यावर १९०१ मध्ये जर्मनीत फॉन रेकलिंगहाऊझेन यांनी तो रुंद केला. आणि १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण लष्करी शल्यवैद्याने पट्ट्याखाली, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं. पट्टा सैल होताना आधी टकटक सुरू होते, मग आवाज भरतो, मग एकदम मंदावतो आणि शेवटी थांबतो. ते आवाज आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात.

त्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून प्रसूतिशास्त्रात कित्येक वर्षं वाद चालला. गरोदर बाईच्या बाबतीत खालचा आकडा कुठे धरायचा? आवाज मंदावतो तिथे, म्हणजे चौथ्या टप्प्यावर, की पूर्ण थांबतो तिथे, म्हणजे पाचव्यावर? काही गर्भवतींमध्ये आवाज शून्यापर्यंत ऐकू येतो, म्हणून चौथा टप्पा बरा, असं शिकवलं जाई. मीही तसंच शिकले. १९९६ मध्ये अँड्र्यू शेनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आवाज नेमका कधी मंदावला यावर दोन ऐकणाऱ्यांचं एकमतच होत नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्क ब्राऊन यांच्या गटाने दोन्ही पद्धतींनी उपचार करून तुलना केली. पाचवा टप्पा धरल्याने आई-बाळाचं काही बिघडलं नाही. तेव्हापासून आवाज थांबेल तो खालचा आकडा, हे ठरलं. शून्यापर्यंत आवाज येत राहिला तरच मंदावल्याची जागा धरायची, आणि तशी नोंद करायची. एवढ्याशा प्रश्नासाठी लोकांनी वर्षं खर्ची घातली, कारण चारदोन मिलिमीटरच्या फरकाने एका बाईला घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं हे ठरतं.

*

आता दंडाकडे येऊ. प्रसूतिपूर्व तपासणीचा दिवस, समजा महिन्याची ९ तारीख. बाहेर व्हरांड्यात पन्नास-साठ बायका. एकीचं नाव पुकारलं जातं, ती दोन जिने चढून, धापा टाकत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मोठं मूल घेऊन आत येते. पाठ नसलेल्या स्टुलावर टेकते, पाय लोंबकळत असतात. दंड खाली सोडलेला असतो, ब्लाउजची बाही गुंडाळून वर सारलेली. पट्टा फुगत असताना "शेवटची पाळी कधी आली? गोळ्या खाता का?" असं विचारलं जातं, आणि ती उत्तरं देते.

या चित्रातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने आकडा चुकतो. चालून आल्यामुळे, बोलण्यामुळे, पायावर पाय टाकल्याने, पाठीला टेका नसल्याने, लघवी तुंबलेली असल्याने दाब खोटा चढतो. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल तर साधारण ८ मिलिमीटर जास्त भरतात, तितकाच वर असेल तर तितकेच कमी. गुंडाळलेली घट्ट बाही पट्ट्याच्या वर दुसरा पट्टा होऊन बसते.

उताणं झोपवून मोजलं तर सातव्या महिन्यानंतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि दाब खाली घसरू शकतो. डाव्या कुशीवर झोपलेल्या बाईचा वर आलेला उजवा दंड सोयीचा म्हणून आपण त्यालाच पट्टा बांधतो. तो हृदयाच्या वर असतो, म्हणून आकडा खोटा कमी येतो. चढलेल्या रक्तदाबाच्या बाईला डाव्या कुशीवर वळवून "बघा, उतरला" म्हणणं हा मी अनेक वॉर्डांत पाहिलेला आणि एके काळी स्वतः केलेला प्रमाद आहे. दाब उतरलेला नसतो. दंड वर गेलेला असतो.

योग्य पद्धत अवघड नाही. बाईला लघवीला जाऊन यायला सांगा. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसवा, पावलं जमिनीला टेकलेली, पाय सरळ. पाच मिनिटं तिला शांत बसू द्या. दंड उघडा, टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या मध्याच्या पातळीला. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खोबणीच्या दोन बोटं वर. मनगटाची नाडी हाताला लागत असताना फुगवा. नाडी हरवली की आणखी वीस-तीस मिलिमीटर वर न्या, मग सेकंदाला दोन मिलिमीटर या गतीने उतरवा. हवा भसकन सोडली तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त ऐकू येतो. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजा, आणि जास्त भरेल तो दंड पुढे कायम ठेवा. आणि आकडा जसा ऐकला तसा लिहा : १३८ तर १३८, १४२ तर १४२. शून्यावर संपणाऱ्या आकड्यांची आपल्याला ओढ असते. शिवाय १४२ लिहिलं की पुढचं सगळं मागे लागतं : वर पाठवणं, १०८ ची गाडी, नातेवाइकांना समजावणं. अशा वेळी पेन नकळत १३० कडे झुकतं. त्या क्षणी पेन आवरणं हीच खरी तपासणी आहे.

पट्ट्याच्या मापाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण याबाबत बाहेरची पुस्तकं आपल्याला अर्धंच सांगतात. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. पाश्चात्त्य लिखाणात काळजी असते ती जाड दंडाची : पट्टा लहान पडतो आणि रक्तदाब खोटा जास्त भरतो. शहरांतल्या आपल्या दवाखान्यांत ती काळजी आता आपलीही आहे. पण मेळघाटात किंवा नंदुरबारच्या डोंगराळ पाड्यांवर विशीतल्या गर्भवतीचा दंड २१ सेंटिमीटर भरणं नवलाचं नाही. तिच्या दंडाला नेहमीचा पट्टा दोनदा गुंडाळला जातो, आणि मोठ्या पट्ट्याने दाब खोटा कमी येतो. म्हणजे जी सगळ्यांत अशक्त, जिच्यापासून रुग्णालय सगळ्यांत लांब, तिचाच वाढलेला रक्तदाब आपल्या पट्ट्याखाली लपून राहतो. आपल्या उपकेंद्रांवर दंडाचा घेर मोजणारी टेप असते, ती कुपोषणासाठी वापरतात. तीच पट्टा निवडायलाही वापरा, आणि लहान पट्टा मागून घ्या.

*

यंत्रांचं काय? पाऱ्याचं यंत्र माझ्या पिढीचं दैवत. पारा विषारी म्हणून मिनामाता करारान्वये जगाने तो बाजूला सारायचं ठरवलं. हा करार २०१७ मध्ये अमलात आला, आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. घड्याळासारख्या तबकडीचं यंत्र हलकं असतं, पण एकदा हातातून पडलं की काटा चुकतो आणि तसं सांगतही नाही. काटा शून्यावर नसेल तर ते वापरू नका, आणि ठरावीक मुदतीने पडताळून घ्या.

डिजिटल यंत्र आवाज ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची कंपनं पाहून हिशेबाने आकडा काढतं, आणि तो हिशेब निरोगी दंडांवर बसवलेला असतो. प्रीएक्लाम्पसियात रक्तवाहिन्या ताठरतात, कातडीखाली पाणी साचतं, आणि यंत्र नेमकं तेव्हा दाब कमी दाखवू शकतं. म्हणून २०१८ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये गर्भवतींचा गट वेगळा धरलेला आहे : यंत्र त्यांच्यावर वेगळं पारखलेलं असलं पाहिजे. दुकानात खोक्यावरची सवलत पाहण्याआधी हे विचारा.

अशा पारखलेल्या यंत्रांपैकी एकाशी आपल्या शेजारच्या मातीचं नातं आहे. शेनन आणि किंग्ज कॉलेज लंडनमधल्या सहकाऱ्यांनी कमी किमतीचं, मोबाइलच्या चार्जरवर चालणारं यंत्र घडवून घेतलं. आकड्यांच्या जोडीला त्यावर हिरवा, पिवळा, तांबडा दिवा लागतो. नाडी आणि दाब यांच्या गुणोत्तरावरून ते रक्तस्रावाने खचत चाललेली बाईही ओळखतं. आफ्रिका, भारत आणि हैती इथल्या दहा ठिकाणी त्याची चाचणी झाली, त्यात बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक होतं. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षात मृत्यू आणि झटके कमी झाले, पण ते यंत्रामुळेच झाले असं ठामपणे सांगता आलं नाही. मला या निष्कर्षाचं वाईट वाटत नाही. तांबडा दिवा लागल्यावर गाडी, औषध आणि रक्त मिळालं तरच त्या दिव्याला अर्थ आहे. घरी स्वतः मोजण्याचंही तसंच : २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत घरच्या मोजणीने निदान लवकर झालं नाही. मी तरीही घरच्या मोजणीला नाही म्हणत नाही, फक्त ती तपासणीच्या जोडीला हवी, तिच्या जागी नको.

*

दोन गोष्टी खास आपल्या घरांतल्या. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. नेमका तेव्हाच हा आजार डोकं वर काढतो, आणि नेमका तेव्हाच तिचा दवाखाना, डॉक्टर, सिस्टर सगळं बदलतं. कार्ड सासरी कपाटात राहतं. माहेरच्या डॉक्टरसमोर १३४/८६ हा एकटा आकडा असतो. तो ९६/६० वरून आलाय हे त्याला कोण सांगणार? ओटी भरून मुलीला पाठवताना नारळाबरोबर कार्डही पिशवीत घाला, एवढी विनंती मी प्रत्येक सासूबाईंना करते.

दुसरी गोष्ट पाचवीची. बाळंतपण झालं की आजार संपला असं सगळे समजतात. पण बाळंतिणीचा रक्तदाब साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत सगळ्यांत वर जातो, आणि झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो. म्हणजे घरात पाचवी पुजली जाते, सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून दिवा रात्रभर तेवत ठेवतात, त्याच रात्री आईच्या जिवाला धोका असू शकतो. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात त्या बाळाला पाहायला. त्याच भेटींच्या सुमारास आईचाही रक्तदाब मोजला जावा, यासाठी मी वर्षानुवर्षं आग्रह धरते आहे, आणि या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण त्याच आग्रहातून आलं आहे.

*

हे पुस्तक सिस्टर, आरोग्य सेविका, आशाताई आणि नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. घरच्या लोकांनीही ते वाचावं म्हणून भाषा बोलण्यातली ठेवली आहे. आधीची प्रकरणं वाचून झाली की खुर्ची, टेबल आणि पट्टा घेऊन एकमेकींचा रक्तदाब मोजा, दोघींनी वेगवेगळा लिहून ठेवा आणि मग ताडून पाहा. माझ्या सहकारी सिस्टरांनी प्रत्येक पान असंच करून पाहिलं आहे. गर्दीच्या दिवशी पाच मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न मला त्यांनीच विचारला, आणि उत्तरही त्यांनीच काढलं : भिंतीला टेकून चार खुर्च्या ओळीने मांडायच्या, एकीचं मोजून होईपर्यंत बाकीच्या तिघी बसलेल्या असतात. त्यांचे आभार कसे मानावेत मला कळत नाही.

खणातल्या कार्डाची मालकीण तीन वर्षांनी पुन्हा आली, दुसऱ्या खेपेला, अकराव्या आठवड्यात. मी पट्टा हातात घेतला तशी तिने हात मागे ओढला. "मॅडम, आत्ता चालून आलेय. आधी पाच मिनिटं बसते." ती खुर्चीला पाठ टेकून बसली, पावलं जमिनीवर ठेवली, बाहीचा हुक सोडला आणि दंड टेबलावर ठेवला. मग आम्ही दोघीही काही न बोलता घड्याळाकडे पाहत राहिलो. त्या दिवशी तिच्या नव्या कार्डावर मी पहिला आकडा लिहिला : ११४/७२.